वृद्धांची मानसिक तपासणी आणि उपचार : भाषिक अनुकूलनाचा विचार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर वृद्ध व्यक्तीला विचारलेला तपासणीचा प्रश्न ही एक भाषिक घटना कशी असते, हे आपल्याला स्पष्ट करता येईल. भाषांतर आणि अनुकूलन यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल. तसेच मराठीची वाक्यरचना, संख्यावाचक शब्द, नकार आणि संबोधने यांचा तपासणीच्या निष्कर्षावर कसा परिणाम होतो, याचे विवेचन करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या पाठ्यपुस्तिकेत मानसशास्त्राचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका घरगुती अनुभवातून द्यावे, असे वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका आत्याला विसरभोळेपणाची तक्रार म्हणून एका रुग्णालयात नेले होते. वय ऐंशीच्या पुढे, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, सारी हयात सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यात गेलेली. तपासणारा तरुण सौजन्याने वागला. पण त्याच्या हातातला कागद इंग्रजीवरून जसाच्या तसा मराठीत उतरवलेला होता. ‘आज तारीख कोणती?’ आत्या म्हणाली, ‘तारखा मला न्हाई कळत, लेकरा. काल एकादस झाली, आज बारस.’ शून्य गुण. ‘तुमचे गाव कोणत्या जिल्ह्यात येते?’ ‘परभणी.’ शून्य. ‘शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून पुन्हा सात, असे करत चला.’ यावर ती नुसतीच हसली. आणखी शून्य. कागदावर स्मृतिभ्रंशाची नोंद झाली. परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याने पाच रुपये कमी परत दिल्याचे आमच्यापैकी फक्त तिच्याच लक्षात आले. मात्र त्या कागदानंतर घरात तिच्या हाती पैसे देणे बंद झाले.

त्या दिवशी आज खरोखरच द्वादशी होती. उत्तर बरोबर होते, पण ते ऐकून घेण्याची सोय त्या प्रश्नपत्रिकेत नव्हती. हा दोष मानसशास्त्राचा जितका, तितकाच भाषांतराचा आहे, आणि म्हणून तो आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

भाषांतर आणि अनुकूलन

मूळ वाक्याचा अर्थ दुसऱ्या भाषेत आणणे म्हणजे भाषांतर. मूळ प्रश्न जे काम करतो, तेच काम दुसऱ्या समाजात करील असा प्रश्न शोधणे म्हणजे अनुकूलन. यात कधी शब्द बदलतात, कधी वस्तू, तर कधी संपूर्ण कृतीच बदलावी लागते.

मराठीला ही परंपरा नवी नाही. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी तयार केलेली बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड भाषिक मुलांसाठी अनुकूल करून घेतली. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती आजही ओळखली जाते. म्हणजे मुलांची बुद्धी मोजताना केवळ शब्द बदलून भागत नाही, ही जाण आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीच होती. म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला तेवढी मेहनत आली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बोधनक्षमतेच्या तपासणीसाठी एक साधनसंच विकसित केला. त्याच्या प्रमाणीकरणाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या, मराठी नव्हती.

जगभर सर्वाधिक वापरली गेलेली छोटी तपासणी म्हणजे १९७५ मध्ये फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी मांडलेली ३० गुणांची ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’. काळ-स्थळाचे भान, तीन शब्द ध्यानात ठेवणे, वजाबाकी, वस्तूंची नावे, वाक्य उच्चारणे, वाचणे, लिहिणे, आकृती काढणे असे तिचे घटक आहेत. ती शाळा शिकलेल्या माणसासाठी बनवलेली आहे, हे उघड दिसते. हरियाणातील बल्लभगढ परिसरात संशोधन करताना गांगुली आणि सहकाऱ्यांपुढे हीच अडचण उभी राहिली, कारण तेथील वृद्धांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी आवृत्तीत ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून दाखवण्याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसेच करा’ असे सांगून तपासणारा स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायला सांगितले जाते. वाचनाची जागा अनुकरणाने आणि लेखनाची जागा कथनाने घेतली. अनुकूलनाचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

काळ, स्थळ आणि हिंगोलीचे आजोबा

‘आज कोणता वार, कोणता महिना, कोणता ऋतू’ हे प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतात. इंग्रजी प्रश्नामागे चार ऋतू असतात. आपल्या बोलण्यात उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे तीन असतात, आणि पंचांगात सहा. हिंगोली जिल्ह्यातला वृद्ध शेतकरी याहून बारीक हिशेब ठेवतो. मिरग निघाला, पेरणी आटोपली, हळद शिजवायचे दिवस आले, उद्या आठवड्याचा बाजार. ‘मार्च’ हा शब्द त्याला सुचला नाही तरी वसमतच्या बाजारात हळद कधी येते, हे तो चुकत नाही. काळाचे भान तपासायचे असेल तर तिथी, वार, बाजाराचा दिवस आणि शेतीचे काम ही चारही उत्तरे ग्राह्य धरावी लागतील, आणि त्यांची पडताळणी करण्याइतके ज्ञान तपासणाऱ्याजवळही असावे लागेल. खिशात छोटे पंचांग ठेवणे काही अवघड नाही.

स्थळाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. आज पंचाऐंशी वर्षांचे असलेले आजोबा जन्मले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आजोबा गावातून हलले नाहीत. गावाचे पत्ते मात्र बदलत गेले. अशा माणसाने ‘जिल्हा परभणी’ म्हटले, तर ते विस्मरण आहे की सवय? आत्याचे उत्तर बरोबर धरायला हवे होते, असे मी म्हणणार नाही; जिल्हा बदलून बराच काळ लोटला होता. पण शून्य देऊन पुढे जाण्याऐवजी ‘हिंगोली जिल्हा झाला ना आता?’ एवढा पूरक प्रश्न पुरेसा होता. ‘हो, झाला की, पण तोंडात परभणीच बसलंय’ हे उत्तर एका अर्थाचे. आणि ‘हिंगोली कधी जिल्हा झाली?’ असा भाबडा प्रतिप्रश्न दुसऱ्याच अर्थाचा.

वयाबाबतही असेच. जन्मतारीख विचारली की पुष्कळदा आधार कार्डावरची १ जानेवारी किंवा १ जून ऐकू येते. ती कोणी तरी कचेरीत बसून लिहिलेली असते. त्याऐवजी ‘रझाकाराच्या वक्ताला तुम्ही केवढे होता?’, ‘बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का? तेव्हा लेकरे किती होती?’, ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कुठे होता?’ असे विचारावे. १९४८, १९७२ आणि १९९३ ही मराठवाड्याच्या स्मरणातली मैलाची दगडे आहेत. त्यांच्या आधारे वयही कळते आणि घटनांचा क्रम शाबूत आहे की नाही, हेही कळते.

आकडे आणि अक्षरे

शंभरातून सात वजा करत जाण्याची चाचणी लक्ष एकाग्र राहते का, हे पाहण्यासाठी असते. मराठीत तिची उत्तरे येतात ती त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट अशी. इंग्रजीत दशक आधी आणि एकक नंतर. मराठीत एकक आधी. ‘एकोणऐंशी’ या शब्दात तर ‘ऐंशीला एक उणा’ अशी वजाबाकीच दडलेली आहे. शंभरापर्यंतचे आपले बहुतेक संख्यावाचक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावे लागतात, आणि ते पाठ करून घेण्याचे काम शाळा करते. न शिकलेली बाई ‘दोन विसा आणि पाच’ अशी मोजते; तिचा हिशेब चुकत नाही, फक्त ‘पंचेचाळीस’ हा शब्द तिच्याजवळ नसतो. तिला नोटा द्याव्यात, किलोचा भाव सांगावा आणि पाव किलोचे पैसे विचारावेत. किंवा आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणायला सांगावेत.

इंग्रजीत या वजाबाकीला पर्याय म्हणून पाच अक्षरांच्या, जग या अर्थाच्या, शब्दाचे स्पेलिंग उलट सांगायला लावतात. त्याचे भाषांतर ‘जग’ असे केले, तर हाती दोनच अक्षरे उरतात. शब्द बदलला तरी अडचण संपत नाही, कारण रोमन लिपी सुटे वर्ण लिहिते, तर देवनागरीचे एकक स्वरासह येणारे अक्षर असते. आणि लिपीच न शिकलेल्या माणसाला हे दोन्ही परके असते. १९७९ मध्ये मोराइस आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दातला पहिला ध्वनी वगळून उरलेला शब्द उच्चारायला सांगितला. बहुतेकांना ते जमले नाही. प्रौढपणी साक्षर झालेल्यांना मात्र बऱ्यापैकी जमले. याचा अर्थ, शब्दाचे ध्वनींत तुकडे पाडण्याची क्षमता वयाने आपोआप येत नाही, वर्णलिपी शिकल्याने येते. म्हणून ‘क पासून सुरू होणारे शब्द सांगा’ हा प्रश्न निरक्षर आजींच्या बाबतीत बुद्धीची नव्हे, शाळेची परीक्षा घेतो. ‘रानात दिसणारी जनावरे सांगा’ म्हटले की त्याच आजी मिनिटभर थांबत नाहीत.

‘करमत नाही का?’ : नकाराची अडचण

स्मरणाकडून आता मनःस्थितीकडे वळू. वृद्धांमधील खिन्नता ओळखण्यासाठी येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ३० प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. पुढे १९८६ मध्ये तिचे १५ प्रश्नांचे लघुरूप आले. झोप आणि भूक वयाबरोबर तशीही कमी होते, म्हणून शारीरिक तक्रारींवरचे प्रश्न त्यांनी टाळले आणि उत्तरे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी ठेवली. वृद्धांसाठी केलेले हे अनुकूलनच होते, आणि ते विचारपूर्वक केलेले होते. मराठीत येताना मात्र नेमक्या या दोन्ही सोयी अडचणीच्या ठरतात.

एक प्रश्न कंटाळा वारंवार येतो का, असा आहे. खेड्यातल्या वृद्धेच्या तोंडी या भावनेसाठी ‘कंटाळा’पेक्षा ‘करमत नाही’ हे क्रियापद असते. विदर्भाला लागून असलेल्या आपल्या भागात ‘गमत नाही’. मूळ प्रश्नात नकार नव्हता, भाषांतराने तो आणला. आता ‘तुम्हाला करमत नाही का?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा ‘हो, नाही करमत’ असा अर्थ असू शकतो. ‘नाही’ म्हणतो तेव्हा ‘नाही करमत’ असाही असू शकतो आणि ‘तसे काही नाही, करमते’ असाही. सूर, मान आणि चेहरा यांवरून आपण घरात तो अर्थ ओळखतो. फॉर्मवरच्या चौकटीला सूर नसतो. खिन्न बाईच्या नावापुढे निरोगीपणाची खूण पडते, ती अशी. उपाय सोपा आहे. ‘दिवस सरतो, की सरता सरत नाही?’ असा दुपर्यायी प्रश्न करावा आणि उत्तर पूर्ण वाक्यात पुन्हा म्हणून खात्री करून घ्यावी.

वाक्यरचनेचाही विचार करावा. भावना सांगताना मराठी अनुभवणाऱ्याला चतुर्थीत ठेवते : मला भीती वाटते, मला राग येतो, मला करमत नाही. ‘मी दुःखी आहे’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी ओसरीवर कोणी बोलत नाही. आणि भावनेचा पत्ता पुष्कळदा ‘मन’ नसून ‘जीव’ असतो : जीव घाबरा होतो, जीव रमत नाही, जिवाला चैन नाही. डोके जड होणे, हातापायांतले बळ जाणे ही केवळ शरीराची तक्रार नसते. मनाचे दुखणे सांगण्याची ती आपल्याकडची रूढ भाषा आहे. शारीरिक लक्षणे वगळणारी श्रेणी येथे रुग्णाची भाषाच वगळण्याचा धोका पत्करते.

परिभाषेची एक गफलत येथेच सांगतो. ‘डिप्रेशन’साठी ‘नैराश्य’ हा शब्द रूढ झाला आहे. पण नैराश्य म्हणजे आशा नसणे. ते त्या आजाराचे एक लक्षण आहे, आजार नव्हे. म्हणून मी येथे ‘खिन्नता’ हा शब्द वापरला आहे, त्यालाही मर्यादा आहेतच. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर तपासणीची गरजच नाकारते.

‘देवानं आता न्यावं’

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. बहुधा ते वार्धक्याचे रूढ बोलणे असते. त्यात थकवा असतो, थोडी तक्रार असते, कधी सुनेला ऐकवण्याचा हेतूही असतो. तपासणाऱ्याने दर वेळी घाबरून जावे असे ते नाही. आणि ‘म्हातारी माणसे असेच बोलतात’ म्हणून सोडून द्यावे असेही नाही. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते. रूढ वाक्प्रचार आणि खरी इच्छा यांतला फरक शब्दांत सापडत नाही, तो संदर्भात सापडतो. पूर्वी हे बोलत होत्या का, की अलीकडेच सुरू झाले? बोलून झाल्यावर चहा घेतात, की ताटही बाजूला सारतात? ‘देवानं न्यावं’चे ‘मीच जाते’ झाले आहे का? शंका आली की सरळ, हळू आवाजात विचारावे : ‘आजी, स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

उपदेश आणि विचारपूस

उपचाराची सुरुवात संबोधनापासून होते. पंचविशीतला समुपदेशक समोर बसलेल्या आजोबांना ‘श्री. अमुक’ म्हणाला तर अंतर वाढते; ‘आबा’ किंवा ‘नाना’ म्हणाला तर नाते जुळते, पण त्या नात्यात नातवाने आजोबाला शहाणपण सांगायचे नसते. आपला ‘समुपदेशन’ हा शब्द येथे घात करतो. त्याच्या पोटातच ‘उपदेश’ आहे, आणि या व्यवसायाचा पहिला नियम उपदेश करू नये हा आहे. ‘विचारपूस’ हा घरगुती शब्द मला कितीतरी अचूक वाटतो.

विचार बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतींना मराठीत एक अनपेक्षित सोय मिळते. आपण ‘विचार करतो’ आणि ‘विचार येतात’, या दोन क्रियापदांत फरक करतो. आपोआप येणारे विचार आणि जाणून केलेले विचार हा त्या पद्धतींचा पायाभूत भेद आजींना वेगळा शिकवावा लागत नाही. ‘रात्री कोणते विचार येतात? त्यातला कोणता खरा वाटतो?’ एवढे विचारले की काम सुरू होते. वहीत लिहून आणण्याचा गृहपाठ मात्र सोडून द्यावा. त्याऐवजी जपमाळेच्या मण्यावर किंवा दाण्यांवर मोजणी ठेवता येते.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत आणण्याचे मोठे काम कि. मो. फडके यांनी केले. या पद्धतीत अट्टाहासी मागणीला दुःखाचे मूळ मानले जाते. मराठीत ती मागणी एका अक्षरी अव्ययात राहते : ‘च’. ‘मुलाने विचारावे’ आणि ‘मुलाने विचारलेच पाहिजे’ यांतले अंतर त्या ‘च’ने पडते. व्याकरणाच्या वर्गात आपण त्याला अवधारणवाचक म्हणून मोकळे होतो. तरीही एक सावधगिरी हवी. ‘मुलाने मला सांभाळलेच पाहिजे’ असे म्हणणाऱ्या उपाशी आईचा ‘च’ अविवेकी नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याचे पाठबळ त्याला आहे. कोणता ‘च’ सोडायला सांगायचा आणि कोणता ‘च’ उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत घेऊन जायचा, हे उपचारकाला कळले पाहिजे.

या दिशेने झालेले जवळचे आणि भक्कम काम गोव्याचे आहे. तेथे ६० वर्षांवरील, खिन्नतेची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षित सामान्य समुपदेशक होते. त्यांनी अडचणी एकेक करून सोडवणे, झोप सुधारणे, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी घेणे आणि शासकीय योजनांपर्यंत पोहोचणे यांत वृद्धांना मदत केली. वर्षभरात तीव्र खिन्नता जडण्याचे प्रमाण नेहमीच्या काळजीच्या गटात १४.४ टक्के, तर या गटात ४.४ टक्के राहिले. पेन्शनचा अर्ज भरून देणे हाही मानसोपचाराचा भाग होऊ शकतो, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आठवणींना वाट करून देणे हाही एक उपचार आहे. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये जीवनाच्या सिंहावलोकनाचे महत्त्व मांडले. ‘आपल्या आयुष्याविषयी सांगा’ म्हटले की आजी गप्प होतात. ‘जात्यावर बसल्यावर काय म्हणत होता?’ म्हटले की बोलू लागतात. मात्र रझाकारीच्या किंवा दुष्काळाच्या आठवणी कोणत्या जखमेवर जाऊन थांबतील, हे आधी सांगता येत नाही. घाई करू नये.

शेवटचा मुद्दा थोडक्यात, पण तो विसरू नये. हिंगोलीतील प्रत्येक वृद्धाची पहिली भाषा मराठी नाही. तांड्यावरच्या आजी गोरमाटी बोलतात आणि मराठी बाजारापुरती. अनेक घरांत दखनी उर्दू आहे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत गेलेले काही मराठीभाषक आजोबाही उर्दू लिपी अधिक सहज वाचतात. तपासणीपूर्वी ‘घरात कोणती भाषा बोलता, कोणती वाचता?’ हे विचारावे, ऐकू कोणत्या कानाने नीट येते तेही विचारावे, आणि चष्मा घरी राहिला असेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवावी. नातवाला दुभाषा करणे टाळावे; सुनेविषयीची गोष्ट आजी त्याच्यासमोर बोलणार नाहीत.

स्वयं-अध्ययनासाठी

१. ‘भाषांतर’ आणि ‘अनुकूलन’ यांतील फरक या घटकात न आलेल्या एका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. पुढील प्रश्नांना आपल्या घरातील वृद्ध ‘हो’ म्हणाले तर त्याचे कोणते अर्थ संभवतात, ते लिहा : ‘झोप लागत नाही का?’, ‘कोणी विचारत नाही का?’ हेच प्रश्न नकार टाळून पुन्हा रचा.

३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील सत्तरीपुढील दोन स्त्रिया आणि दोन पुरुष यांच्याशी, त्यांच्या संमतीने, प्रत्येकी अर्धा तास बोला. मनाची अस्वस्थता सांगताना त्यांनी वापरलेली क्रियापदे जशीच्या तशी, त्यांच्या बोलीतील उच्चारांसह नोंदवा. नावे लिहू नयेत. नोंदवही संपर्कसत्राला येताना सोबत आणावी.